समुद्रावरची पहिली खेप

प्रिय कुंडलिक,

उत्तराला फार उशीर झाला, राग धरू नको. तुझं पत्र कार्तिक सरताना आलं आणि आता तुमच्याकडं ज्वारी हुरड्याला आली असेल. रोज लिहायला घेतो आणि रोज कुणीतरी खोलीत येतं. घर दोन खोल्यांचं, त्यात माझी खाट दाराशी, त्यामुळे येणारा-जाणारा माझ्या पायाला घासूनच जातो. आज सूनबाई सोनम नातीला, सृष्टीला, घेऊन बाजारात गेली आहे आणि कुमार ड्यूटीवर आहे. सृष्टीकडून वहीतले कोरे कागद मागून घेतलेत. माझं शिक्षण तुला माहीत आहे. चौथीच्या पुढं मास्तरांनी ढकललं नाही आणि बापानं मेंढरांमागं धाडलं. तेव्हा कुठं चुकलं-माकलं तर समजून घे. तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही याचं वाईट वाटायचं, पण आता वाटतं बरंच झालं. हे मला फोनवर बोलता आलंच नसतं. फोन कुमारचा, आणि बोलताना सोनम समोर बसलेली.

तू विचारलं होतंस की गोव्याला काय काय बघितलं आणि समुद्र कसा असतो. समुद्र मोठा आहे. याहून जास्त मला सांगता येत नाही, कारण तिथं होतो तेवढे दिवस मी पाण्याकडं कमी आणि माणसांकडं जास्त बघत होतो. कुमारची आई गोजा गेल्यावर त्यानं मला इकडं सोलापूरला आणलं. कुंभारीच्या बाजूला कामगारांच्या वसाहतीत तो राहतो, हे तुला ठाऊक आहे. गावातलं घर बंद, शेरडं विकली. इतके दिवस मी इथं आहे, पण पोरानं मला कधी अक्कलकोटलासुद्धा नेलं नाही. त्याला तरी वेळ कुठं असतो. आणि एकदम दिवाळी झाल्यावर म्हणतो, "आप्पा, आपण सगळे गोव्याला जाऊ. तुम्हाला समुद्र दाखवतो." सोनमनं माझे सदरे स्वतः इस्त्री केले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी कसा आहे ते तुला माहीत आहे. वारं सुटून मेंढरांभोवतीची जाळीची वाघर हलली तरी लांडगा आला म्हणून तुम्हा सगळ्यांना उठवणारा मी. मी कुमारला विचारलं, मला कशाला? मग सोनमला विचारलं. शेवटी कुमार हसून म्हणाला, "आप्पा, माणसं समुद्रावर मजेला जातात."

तिथं वाळूत लाकडी खाटा मांडलेल्या असतात आणि वर रंगीत छत्री. ती तिघं पाण्यात जायची आणि मी छत्रीखाली पिशव्या राखायचो. राखणीचं काम मला नवीन नाही. पण तिथं राखण करणाऱ्याच्याच मागं सगळे लागतात. बूड टेकतोय तोवर एक जण गॉगल घेऊन आला. तो गेला तर टोप्यावाला. टोप्यावाला गेला तर लुंग्या, शंख, कलिंगडाच्या फोडी, अंगावर गोंदणारा. नको म्हटलं की जरा पुढं जाऊन बसायचे आणि माझी मान फिरली की परत उभे. एकानं तर विचारलंच नाही. सरळ माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळायला लागला. अरे सोड म्हटलं, तर म्हणतो, "बाबा, एकच चोळला तर दुसरा रुसतो." मी पाय ओढतोय आणि तो सोडत नाही, आणि सृष्टी पाण्यातून बघून टाळ्या पिटतेय.

सोनमनं पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. "आप्पा, नको म्हणणंसुद्धा बोलणंच झालं. तुम्ही बोललात की ते थांबतात." तिचं बरोबर होतं. कुमारला ते छान जमायचं. तो कानात वायरी घालायचा, डोळे मिटायचा आणि हात अंगावर ठेवून उताणा पडायचा. विकणारी माणसं त्याच्या पायाशी उभी राहून हाका मारायची आणि त्याची पापणी हलायची नाही. तो तसा पडलेला मला बघवायचा नाही.

मला ते जमेना. आपल्या वस्तीवर कुणीही येऊ दे, अगदी भांड्यांना कल्हई लावणारा असला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि मग कुठला कोण ते विचारायचं. तिथं मण्यांच्या माळा विकणारी एक बाई भर उन्हात माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत माळा, कपाळावरून घाम ओघळतोय. माझा पाण्याची बाटली धरलेला हात आपोआप पुढं गेला. ती घटाघटा प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मागच्या बाईला कानडीत म्हणाली, हा म्हातारा येडा दिसतोय, पाणी पाजतोय. मी कानडीतच म्हणालो, येडा न्हाय गं बाई, तहानलेल्याला विचारायची रीत हाय आमच्यात. झालं! ती वाळूत फतकल मारून बसलीच. "यप्पा! अज्जा, तू आपल्यातला व्हय!" तिचं नाव मल्लव्वा. इंडी गावाच्या पलीकडची. आपल्या बोलीत लिहितोय, पण ती बोलायची सगळं कानडीत. तिनं गाव विचारलं, जात विचारली, किती मेंढरं होती ते विचारलं, आणि तिची आत्या आपल्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. त्यानंतर त्या वाळूवर जेवढ्या कानडी बायका होत्या त्या सगळ्या आमच्या छत्रीखाली सावलीला यायला लागल्या. पाट्या उतरवून ठेवायच्या, पाणी प्यायच्या, एकमेकींच्या उवा बघायच्या. सोनम पाण्यातून आली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही इथं आठवडी बाजार भरवलाय का?" मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

मल्लव्वा चिवट. रोज माझ्याशी घासाघीस करायची. माळ घे अज्जा, अज्जीला. अज्जी गेली गं. मग सुनंला घे. सून काही घेऊ नको म्हणते. मग तूच घाल गळ्यात, या वयात तुला बघतंय कोण. असं बोलायची आणि स्वतःच फिदीफिदी हसायची. दुसऱ्या दिवशी मात्र बसल्या बसल्या तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "खरं सांग अज्जा, तुला हितं कशाला आणलंय?" मी म्हणालो, समुद्र दाखवायला. ती म्हणाली, "तुला समुद्र दाखवायला, का समुद्राला तू दाखवायला?" मला राग आला. तिला म्हटलं, ऊठ, तुझ्या धंद्याला लाग. ती उठली नाही. उलट माझ्या पिशव्यांकडं बघत बसली.

पण कुंडलिक, या सगळ्यांहून चिकट एक म्हातारा होता. उकडलेल्या शेंगा विकायचा. आपल्याच वयाचा, उंच, वाकलेला, डोक्याला मफलर. पाटीत शेंगा आणि वर ओलं फडकं. पहिल्याच दिवशी तो आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, न विचारता माझ्या ओंजळीत मूठभर शेंगा टाकल्या आणि म्हणाला, "कुणासंगं आलाय?" बोलण्यावरून आपल्याच जिल्ह्यातला वाटला. मी म्हणालो, पोरासंगं. "परत कवा जायाचं?" म्हटलं, शनिवारी. त्यानं मान हलवली आणि गेला. मला वाटलं, गिऱ्हाईक धरायची रीत असेल. दुपारी परत आला. शेंगा टाकल्या आणि पुन्हा तेच, "कुणासंगं आलाय?" मी म्हणालो, सांगितलं की मघाशी. तर म्हणतो, "व्हय, मघाशी सांगितलंसा. आता सांगा." संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी परत. सोनमनं त्याला हिंदीत झापलं, "भैया, कितनी बार बोलना पड़ेगा?" तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्या सूनबाई व्हय?" आणि पाटी उचलून गेला. मी त्याला नाव विचारलं होतं. म्हणाला, "हितं समदी शेंगामामा म्हणत्यात, तुमीबी म्हणा."

मी मल्लव्वाला विचारलं, त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात काही बिघाड आहे का. ती माळेतला गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "त्योबी असाच आला हुता. पावनाच हुता." करमाळ्याकडचा माणूस. पोरगा, सून, नातवंडं, सगळ्यांबरोबर मजेला आलेला. घरचे म्हणाले, आम्ही नावेत बसून चक्कर मारून येतो, तुम्ही पिशव्या राखा. तो पिशव्या राखत बसला. ऊन उतरलं, छत्र्या मिटल्या, खाटा उचलून नेल्या, तरी तो वाळूत बसलेलाच. मल्लव्वा आणि तिच्या बायकांनी त्याला धीर दिला, नाव बुडाली असेल असं वाटून त्या स्वतः रडल्या. मग कुणीतरी पिशव्या उघडल्या. आत जुन्या चादरी आणि रद्दी भरलेली. पोलिसांनी त्याला गाव विचारलं, पोराचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, मला कुणी नाही. तेव्हापासून तो तिथंच आहे. शेंगा उकडतो, मल्लव्वाच्या झोपडीशेजारी राहतो, आणि पिशव्यांशेजारी एकटा म्हातारा किंवा म्हातारी बसलेली दिसली की जाऊन विचारतो, कुणासंगं आलाय. मल्लव्वा म्हणाली, "तू नशीबवान असशील अज्जा. सगळ्यांचंच तसं हुत न्हाय." मग उठली आणि माळा हलवत दुसऱ्या छत्रीकडं गेली.

तुझ्यापासून काय लपवायचं? ती गेल्यावर मी आमची पिशवी उघडली. कुमार सृष्टीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि मी चोरासारखा त्याच्या पिशवीची चेन ओढत होतो. आत सृष्टीचे फ्रॉक, टॉवेल, सोनमचा कंगवा, बिस्किटाचा पुडा. माझ्याच मनाची मला किळस आली. पोराबद्दल आपण असं मनात आणलं म्हणून मी कानशिलात मारून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी परत चेन ओढली. त्या वेळी सोनम मागं उभी होती. म्हणाली, "आप्पा, काय शोधताय?" मी म्हणालो, चष्मा. सृष्टी खो खो हसायला लागली, कारण चष्मा माझ्या नाकावर होता. सोनम हसली नाही. तिनं पिशवीची चेन लावली आणि पिशवी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी इतकं गोड बोलली की मला जेवण गेलं नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी कुमार म्हणाला, आप्पा, चला, एका ओळखीच्या माणसाला भेटून येऊ. भाड्याची स्कूटर घेतली होती. आम्ही दोघंच. नारळीच्या झाडांतून आत आत गेलो, समुद्राचा आवाज बंद झाला. तिथं एक मोठं जुनं घर. व्हरांड्यात म्हातारी माणसं ओळीनं बसलेली आणि सगळ्यांचे सदरे एकाच कापडाचे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही आत शिरलो तशी सगळ्यांची मान आमच्याकडं वळली, आणि कुमारकडं नाही, माझ्याकडं. जाड चष्म्याचा एक माणूस आला. तो कुमारशी हिंदीत बोलला आणि कुमारही हिंदीत. कुमारला वाटत असावं की मला कळत नाही. आपण मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलो, वनखात्याच्या माणसांशी हिंदीतच भांडलो, ते त्याला कुठून आठवणार, तो तेव्हा आईच्या कडेवर. त्या माणसानं विचारलं, अंघोळ स्वतः करतात का, रात्री उठतात का, काही आजार आहे का. मग म्हणाला, आमच्याकडं ज्यांना कुणीच नाही अशांनाच घेतो, यांचे नातेवाईक कोण? मी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडं बघत होतो. कुमार म्हणाला, "मेरे गाँव के हैं। इनका कोई नहीं है।"

त्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, जसं बहिऱ्याशी बोलतात तसं विचारलं, "जगह पसंद है ना, बाबा?" मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? तो कुमारला म्हणाला, आज नुसतं बघून जाऊ दे. पुढच्या वेळी सामान घेऊन या. एकदम आणून सोडलं तर पळून जातात. परत येताना कुमारनं वाटेत स्कूटर थांबवून मला शहाळं घेऊन दिलं. त्यात नळी घातली आणि माझ्या तोंडाशी धरली. तो दुसरीकडंच बघत होता, पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. मी सदरा झटकला आणि परत त्याच्या मागं बसलो.

निघायच्या दिवशी आम्ही शेवटचं वाळूवर गेलो. मल्लव्वानं सृष्टीच्या गळ्यात एक निळी माळ घातली आणि सोनमनं काढून परत द्यायला लावली. शेंगावाला आला. मी त्याच्या विचारण्याची वाट न बघता म्हणालो, निघालो बघा, पोरगा परत घेऊन चाललाय. मला त्याला दाखवायचं होतं की माझं तसं नाही. तो पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "म्हंजी ही पयलीच खेप." मी विचारलं, तुमची कितवी होती? तो म्हणाला, "दुसरी." आणि माझ्या ओंजळीत शेंगा टाकून गेला. मी त्या खाल्ल्या नाहीत.

परतीच्या गाडीत सगळे झोपले आणि मला ती म्हातारी मेंढी आठवत राहिली. आपल्या मेंढरांच्या वाड्यातली पुढं चालणारी, चितकबऱ्या तोंडाची, तुला आठवत असेल. पाय गेले होते तिचे. तिला कसायाला द्यायला माझं मन घेईना आणि चालवत न्यायला जमेना. मग आपण करतो तसंच मी केलं. आधी एकदा तिला नदीकाठच्या त्या कल्लप्पाच्या गोठ्यावर नेलं, दिवसभर तिथं चरू दिलं, तिथल्या गुरांचा वास घेऊ दिला आणि संध्याकाळी परत आणलं. पहिल्याच खेपेला सोडली असती तर ती ओरडून जीव देती, दावं तोडून मागं येती आणि वाटेत कुत्र्यांच्या तोंडी पडती. परत आणलं की जनावराचा विश्वास बसतो. त्याला वाटतं, इथून परत जायचं असतं. दुसऱ्या खेपेला ती आपणहून आत गेली, पाटीत तोंड घातलं, आणि मी मागच्या मागं निघून आलो. तिनं मान वर केली नाही. कुमार तेव्हा माझ्याबरोबर होता, दोरी त्याच्याच हातात दिली होती. त्यानं मला विचारलं होतं, "आप्पा, सोडायचंच हाय तर हिला आज परत का नेतोय?" आणि मी त्याला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. लहान होता, पण हुशार. एकदा सांगितलं की विसरायचा नाही.

आता इकडचं सांगतो. कुमारची पुण्याला बदली झाली आहे. हे घर महिनाअखेर सोडायचं. पुण्याला जागा लहान आहे, आणि दोघंही नोकरी करणार म्हणून सृष्टीला सांभाळायला सोनमची आई येऊन राहणार आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, शेजारच्या गुरम्मानं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुमी कुटं ऱ्हाणार मग?" मी म्हणालो, त्यांच्याबरोबरच, दुसरं कुठं. सामान बांधून झालंय. खोके भिंतीला लावून ठेवलेत आणि त्यांवर सोनमनं नावं लिहिलीत, स्वयंपाकघर, सृष्टी, कपडे. माझ्या वस्तू कुठल्याच खोक्यात नाहीत. त्यांच्यासाठी एक नवी बॅग आणली आहे. चाकाची. कुमारनं मला डॉक्टरकडं नेऊन सगळं तपासून आणलं आणि कागद जपून ठेवला. माझं आधार कार्ड त्याच्याजवळ आहे. माझी घोंगडी धुऊन सोनमनं खालच्या वॉचमनला दिली. म्हटलं, अगं, थंडीत मला लागते ती. तर म्हणाली, "आप्पा, तिकडं उकडतं." आणि मग लगबगीनं खोके मोजायला लागली. पुण्यात उकडतं असं मी कधी ऐकलं नाही.

परवा जेवताना कुमार म्हणाला, "आप्पा, तुम्हाला समुद्र आवडला होता ना? पुण्याला जायच्या आधी एकदा जाऊन येऊ." सृष्टीनं उडी मारली, मी पण येणार. तो म्हणाला, तुझी शाळा आहे, या वेळी मी आणि आजोबा दोघंच. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. ताटातली भाकरी मोडत राहिला. मोडून मोडून भुगा झाला तिचा, पण तोंडात एक घास गेला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलंय, कुंडलिक. त्याला झोप लागत नाही हे मला ऐकू येतं.

संक्रांत झाल्यावर जो शुक्रवार येतो त्या संध्याकाळची गाडी आहे. म्हणून हे लिहिलं. मी कुमारला काही विचारणार नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर त्यापुढं आम्हा बापलेकांना बोलायला काही उरणार नाही, आणि नाही म्हणाला तर बापाच्या तोंडावर खोटं बोलायला मी त्याला लावल्यासारखं होईल. तो वाईट नाही. त्याला दुसरी वाट दिसत नाही एवढंच, आणि कुणी दाखवली तर तो घेईल अशी माझी खात्री आहे. तुझ्याकडं आता कोकरं झाली असतील. वाघरीपाशी बसून ती राखायला एखादा म्हातारा लागतोच. मला भाकरी आणि पडवीचा कोपरा पुरे. तू तुझ्या शहाजीला सांगून कुमारला फोन करव. त्याला म्हणावं, आमच्याकडं माणूस नाही, आप्पांना चार महिने पाठवून दे, आमच्यावर उपकार होतील. असंच म्हणायला सांग, उपकार. मी पत्र लिहिलं हे त्याला कळता कामा नये, त्याची मान खाली जाईल असं काही बोलू नका. आणि तुला जमत नसेल, घरात अडचण असेल, तर संकोच करू नको. मी रागावणार नाही. मग मी नवी बॅग घेऊन त्याच्याबरोबर मुकाट्यानं जाईन, सृष्टीसमोर तमाशा करणार नाही. पण जमत नसलं तरी तसा निरोप पाठव. शहाजीनं फोनवर माझी नुसती खुशाली विचारली तरी मी समजेन. फक्त त्या शुक्रवारच्या आत काहीतरी कळव, कुंडलिक. लवकर कळव. फोन वाजला की मी खाटेवर उठून बसतो.

तुझाच,
गुंडा